लांब बाह्यांचे पोलके

गेल्या वर्षी मतमाउलीची जत्रा आटोपून आठवडा झाला असेल. संध्याकाळची मिस्सा संपवून मी धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. दाराशी छत्र्या मिटून तीन माणसे आत आली. एक साठीतले गृहस्थ, त्यांची पत्नी आणि त्यांचे धाकटे बंधू. माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी ज्या घराशी चालली होती, त्या घरची ही मंडळी. चहा झाला, पावसाविषयी बोलणे झाले, भाताला यंदा कीड लागली की नाही हेही झाले. शेवटी गृहस्थांनी घसा साफ केला.

"फादर, राग मानू नका. मुलगी गुणी आहे, घर माहितीतले आहे. पण तिच्या कोपरांवर चट्टे आहेत असे कानावर आले. सोरायसिस म्हणतात म्हणे त्याला. आमच्या घराण्यात असले काही नाही. उद्या मुलाबाळांत उतरले तर?"

बोलताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. ती टेबलावर ठेवलेल्या माझ्या हातांवर होती. माझ्याही दोन्ही मुठींवर, बोटांच्या मुळाशी, लालसर चट्टे आहेत आणि त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे रुपेरी खवले. भाचीचे तर कोपरांपुरतेच आहे. माझे कोपर, गुडघे, डोके आणि कानांची मागची बाजू अशी त्याची बरीच मोठी वतनदारी आहे. तेव्हा प्रश्न भाचीविषयी असला तरी पुरावा समोरच मांडलेला होता.

अशा नजरेची मला सवय आहे. आमच्या चर्चमध्ये रविवारी ख्रिस्तप्रसादासाठी दोन रांगा लागतात, एक माझ्यासमोर आणि दुसरी सिस्टरांसमोर. एक वयस्क भाविक गेली काही वर्षे माझ्या रांगेत येतात, आणि चार पावले उरली की हळूच बाजूला सरकून सिस्टरांच्या रांगेत शिरतात. त्यांचा मला राग येत नाही असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. पण त्यांनी एकदा तरी सरळ विचारावे असे मात्र मनापासून वाटते. सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नाही. तो हाताने, पाण्याने, कपड्याने, एका ताटात जेवल्याने कोणालाही होत नाही. एवढे एक वाक्य मी त्यांना सांगितले असते.

विचारण्यापेक्षा बाजूला सरकण्याची ही रीत मात्र फार जुनी आहे आणि तिचा धागा आम्हां याजकांपर्यंतच येऊन पोचतो. जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्याचा तेरावा अध्याय आठवत असेल. अंगावर चट्टा उठलेल्या माणसाने वैद्याकडे नव्हे, तर याजकाकडे जायचे. याजकाने चट्टा कातडीपेक्षा खोल आहे का, त्यावरील केस पांढरे झाले आहेत का हे निरखायचे, संशय असेल तर सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे. त्यात एक चमत्कारिक नियम आहे : रोगाने डोक्यापासून पायांपर्यंत सारे अंग व्यापून पांढरे केले असेल तर याजकाने त्या माणसाला शुद्ध ठरवावे. मूळ हिब्रू शब्द 'साराथ' हा एका रोगाचा वाचक नाही. भिंतीला व कापडाला धरणाऱ्या बुरशीसारख्या डागालाही त्या पुस्तकात तोच शब्द लावला आहे. या शब्दाचे ग्रीकमध्ये भाषांतर होताना 'लेप्रा' हा शब्द आला. लेप्रा म्हणजे खवले सुटणारी कातडी. गंमत अशी की, आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्यात खवले सुटत नाहीत, तेथे बधिरता येते. ग्रीक वैद्य त्या रोगाला वेगळ्याच नावाने ओळखत. लेप्रा हे वर्णन कुष्ठरोगापेक्षा माझ्या मुठींना अधिक लागू पडते. पुढे युरोपात दोन्ही शब्दांची मिसळ झाली आणि मध्ययुगात ज्यांना गावाबाहेर घालवले, ज्यांच्या हाती घंटा दिली, त्यांत सोरायसिसचेही लोक होते असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. आपल्याकडेही आयुर्वेदाने कातडीच्या अठरा विकारांना 'कुष्ठ' हे एकच आडनाव दिले. त्यातील एककुष्ठ आणि किटिभ यांची वर्णने सोरायसिसशी मिळतीजुळती आहेत. नाव एक झाले की वागणूकही एक होते.

ही गाठ सुटायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या सुमारास या रोगाचे नीट वर्णन केले, पण तेही लेप्रा या शब्दाच्या जाळ्यातून पुरते सुटले नाहीत. १८४१ साली व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची कायमची फारकत केली. १८७३ मध्ये नॉर्वेचे आर्मावर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि मग त्या रोगाला औषधाची वाट सापडली. सोरायसिसचा जंतू मात्र कोणालाच सापडला नाही, कारण तो नव्हताच.

माझी कथा १९८५ च्या पावसाळ्यात सुरू होते. मी सतरा वर्षांचा होतो, सेमिनरीतले पहिलेच वर्ष होते. घसा बसला, गिळवेना, ताप भरला. चार दिवसांत बरा झालो. दोन आठवड्यांनी अंघोळ करताना पाहतो तो छाती-पोटावर पावसाचे थेंब पडावेत तसे लाल ठिपके. कोणी म्हणाले नायटा, कोणी म्हणाले उष्णता. एका डॉक्टरांनी गजकर्णाचे मलम दिले, त्याने काही झाले नाही. पुढच्या वर्षभरात छातीवरचे ठिपके गेले आणि गुडघ्यांवर चट्टे आले. चॅपेलमध्ये आम्ही जेथे लाकडावर गुडघे टेकत असू, नेमके तेथे. तेव्हा मला त्याचा वेगळाच अर्थ वाटला होता. वास्तविक हाइनरिश कोब्नर या जर्मन वैद्याने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की, सोरायसिसच्या माणसाला जेथे खरचटते किंवा इजा होते तेथे नवा चट्टा उठू शकतो. त्याच्या एका रुग्णाला घोडा चावला त्या जागी आणि अंगावर गोंदवले त्या जागीही चट्टे उठले होते. मला घोडा चावण्याचा योग आला नाही, पण गुडघे टेकणे चुकले नाही.

अशा चट्ट्यांशी माझी पहिली ओळख मात्र घरीच झाली होती. आईच्या कोपरांवर ते होते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती करंजाचे तेल कोमट करून कोपरांवर चोळीत असे. त्या तेलाचा कडवट वास हा माझ्या बालपणाचा वास आहे. ती त्याला काही नाव देत नसे. विचारले तर म्हणे, "रक्त तापतं बाबा कधी कधी."

१९९२ साली सेमिनरीतील माझ्या वरिष्ठांना माझ्या हातांची चिंता वाटू लागली. ते नाव घेऊन बोलले नाहीत. दीक्षेपूर्वी हा रोग पसरणारा नाही असा तज्ज्ञाचा दाखला आणावा आणि तोवर थांबावे, एवढेच सांगितले. आज मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केले असते. परंतु तेव्हा मी चोविसाव्या वर्षी लेवीय पुस्तकाचा एकविसावा अध्याय उघडून बसलो. अहरोनाच्या वंशातील ज्या पुरुषाच्या अंगी खरूज किंवा खपल्या असतील त्याने वेदीजवळ जाऊ नये, असे तेथे लिहिले आहे. कॅनन लॉच्या १९१७ च्या संहितेतही, शारीरिक व्यंगामुळे ज्याला वेदीची सेवा शोभेलशा रीतीने करता येणार नाही त्याला दीक्षेची आडकाठी होती. १९८३ च्या संहितेने ते कलम गाळले, हे मला पाठ होते. तरीही त्या महिन्यात मला नवे कलम दिसत नव्हते, जुनेच दिसत होते.

मे महिन्याच्या सुटीत घरी गेलो. आई ओटीवर बसून बाजारासाठी अळूच्या जुड्या बांधत होती. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. तिने विचारले, "दीक्षेचं कधी ठरलं?" मी म्हणालो, "नाही ठरलं. आणि ठरणारही नाही कदाचित. हे तुझ्याकडून आलं आहे, आई. तुझ्यामुळं माझं अडलं."

आईने मान वर केली नाही. "हो रे पोरा," एवढेच ती म्हणाली आणि पुढची जुडी बांधायला घेतली. बाबांनी पेपराचे पान उलटले. त्यांच्या कातडीवर अखेरपर्यंत एक डाग नव्हता. त्यांना मी काहीच बोललो नाही, आणि बोलावे असे मनातही आले नाही.

दाखला मिळाला. दीक्षा उशिरा का होईना, १९९६ साली झाली. बिशपांनी माझ्या तळहातांना पवित्र तेल लावले. नवदीक्षित याजकाचे तळहात चुंबण्याची आपल्याकडे रीत आहे. लोक रांगेने आले. आई सर्वांत शेवटी आली आणि माझे हात हातात न घेताच, पदराने तोंड पुसून, ओठ टेकवून बाजूला झाली. मी समजलो, गर्दीत बिचारी संकोचली असेल.

या रोगाचे मूळ कशात आहे हे मी पुढे, फार उशिरा, वाचत गेलो. आमच्या कातडीच्या पेशी तळाशी जन्मतात आणि सुमारे महिनाभरात वर येऊन झडतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींची वर गर्दी होते, तिचेच खवले बनतात. म्हणून कातडीतच दोष आहे असे पुष्कळ वर्षे मानले गेले. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे औषध काही रुग्णांच्या सांध्यांच्या दुखण्यावर देऊन पाहिले गेले, तर अनपेक्षितपणे त्यांची कातडी स्वच्छ झाली. ते औषध शरीराच्या संरक्षक पेशींना आवरते. पुढे असेही दिसले की, दुसऱ्या कारणासाठी अस्थिमज्जेचे रोपण केलेल्या काही रुग्णांचा सोरायसिस दात्याच्या मज्जेबरोबर नाहीसा झाला, आणि क्वचित सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा घेणाऱ्या निरोगी कातडीच्या माणसाला तो नव्याने झाला. म्हणजे गुन्हा कातडीचा नव्हता. घराच्या राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्याच माणसावर धावून जात होता.

तो का धावून जातो, याचे उत्तर काही अंशी जनुकांत आहे. एखाद्याचे मूत्रपिंड बदलायचे असले की भावाचे, बहिणीचे जुळते का हे पाहतात, हे आपण ऐकलेले असते. त्या जुळणीत एच.एल.ए. या खुणा तपासतात. त्यांच्या शोधाबद्दल फ्रान्सचे जाँ दोसे यांना १९८० मध्ये इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या खुणांचे काम असे समजावे : शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय चालले आहे त्याचे बारीक तुकडे एका तबकात ठेवून बाहेर धरते. टी नावाच्या संरक्षक पेशी फिरत फिरत ती तबके पाहतात. ओळखीचे असेल तर पुढे जातात, परके दिसले तर हल्ला करतात. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा असतो आणि कोणत्या तबकात कोणता तुकडा बसेल हे त्या आकारावर ठरते. सहाव्या गुणसूत्रावरील जनुक ज्या तबकांचे साचे ठरवतात, त्यांतील एका तबकाचे नाव एच.एल.ए.-सी ०६:०२ असे आहे. ज्यांना तरुण वयात सोरायसिस होतो, विशेषतः घशाच्या आजारानंतर थेंबाथेंबाने उठतो, त्यांत हे तबक फार मोठ्या प्रमाणात आढळते. म्यूनिक येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, एका रुग्णाच्या चट्ट्यातील टी पेशी या तबकात ठेवलेला, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचाच एक तुकडा शत्रू म्हणून ओळखते.

आणि घसा? स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू टॉन्सिलमध्ये वस्ती करतो. त्याच्या अंगावरील एका प्रथिनाचे आमच्या कातडीतील केराटिनशी साम्य आहे. टॉन्सिलमध्ये त्या जंतूशी लढायला शिकलेल्या पेशी कातडीत येऊन तोच चेहरा पाहतात आणि फसतात, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. आइसलँडमध्ये तर काही निवडक रुग्णांचे टॉन्सिल काढल्यावर सोरायसिस उतरल्याचे दिसून आले. १९८५ च्या त्या चार दिवसांच्या तापाकडे मी आता निराळ्या आदराने पाहतो.

परंतु मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते हिशेबाने. आपल्या ग्रेगोर मेंडेल या संन्यस्त धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाणे लावून अनुवंशाचे नियम शोधले आणि १८६६ मध्ये ते छापले. शाळेत आपण शिकतो तो हिशेब त्याचाच. सोरायसिसला तो साधा हिशेब लागू पडत नाही. ०६:०२ हे तबक असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर सोरायसिस होत नाही. युरोपात निरोगी माणसांतही शंभरातील दहा-पंधराजणांत ते सापडते. एकाच गर्भापासून झालेल्या सारख्या जुळ्यांत, ज्यांची सारी जनुके एक, तेथेही एकाला रोग असून दुसरा पुष्कळदा सुटतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या रोगाशी संबंध असलेल्या गुणसूत्रांवरील जागांची संख्या शंभराच्या वर गेली. कोणती जागा थोडे पुढे ढकलते, कोणती थोडे मागे ओढते. इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहकाच्या ग्राहकाच्या जनुकात एक बदल असा आहे की, तो ज्याला लाभला त्याचे उलट रक्षणच होते. मग त्यावर घसा, जखम, मनाचा ताण, काही औषधे, तंबाखू, वजन यांची भर.

या शंभरांतले अर्धे आईचे, अर्धे बाबांचे. ०६:०२ माझ्यात आहे की नाही हे मी तपासून घेतलेले नाही, आणि असले तरी ते कोणत्या बाजूने आले हे सांगायला आता दोघेही नाहीत. ते बाबांकडून, त्यांच्या नितळ कातडीखालून, चोरपावलांनी आलेले असू शकते. ज्याच्या अंगावर दिसले त्याच्यावर मी आरोप ठेवला आणि पेपर वाचत बसलेल्या माणसाला मोकळे सोडले. बाबांवर ठेवायला हवा होता असे माझे म्हणणे नाही. त्यांनी तरी कुठे काही मुद्दाम दिले होते!

शिवाय ही जनुके निव्वळ दळभद्री आहेत असेही नाही. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले की, एचआयव्हीच्या विषाणूला रोखून धरणाऱ्या जनुकीय खुणा सोरायसिसच्या रुग्णांत अधिक प्रमाणात असतात. आणि वर उल्लेखलेल्या इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राहकाची जागा २०११ मध्ये चीनमधील एका अभ्यासात पुन्हा पुढे आली. तो अभ्यास कशाचा होता? कुष्ठरोग कोणाला होतो याचा. ज्या दोन रोगांची आपण हजारो वर्षे गफलत केली, त्यांच्या मुळाशी जनुकांची एक जागा तरी सामाईक निघाली. हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ दिवा मालवला नाही.

असो. पाहुणे अजून कार्यालयात बसलेले आहेत.

मी त्यांना पहिल्यांदा सांगितले की, एका पालकाला सोरायसिस असेल तर मुलाला होण्याची शक्यता जर्मनीतील एका पाहणीत शंभरात चौदा आणि स्वीडनमधील एका पाहणीत अठ्ठावीस अशी निघाली. म्हणजे वाईटात वाईट आकडा धरला तरी चारांतली जवळजवळ तीन मुले सुटतात. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे तबके, टी पेशी आणि मेंडेलचे वाटाणे यांवर उतरलो. "आमच्या घराण्यात नाही" या वाक्यापाशी मी थोडा रेंगाळलो. दिसत नाही एवढेच खात्रीने म्हणता येते, असे मी म्हणालो. गृहस्थांना ते रुचले नाही. त्यांचे बंधू मात्र छताकडे पाहत काही आठवू लागले.

खरा प्रश्न मुलाच्या आईने विचारला. "आणि झालंच फादर, तर औषध आहे का?"

मुळापासून बरे करणारे नाही, हे मी आधी सांगितले. ताब्यात ठेवणारी आहेत. तरुणपणी मी डांबराच्या मलमाने उशांचे अभ्रे काळे केले. नंतर सकाळचे ऊन, मग दवाखान्यातील अतिनील किरणांची पेटी. गेली काही वर्षे मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतो, त्याही रक्त तपासून. चुकून त्या रोज घेतल्या तर जिवावर बेततात. मद्य वर्ज्य, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी मिस्सेतील द्राक्षरसाची अडचण मांडली. किती, असे त्यांनी विचारले. दोन चमचे, म्हणालो. "फादर, तेवढ्याला परवानगी आहे," असे म्हणून ते हसले. अलीकडे इंटरल्यूकिन-१७ आणि २३ यांना नेमके अडवणारी इंजेक्शने आली आहेत, त्यांनी कित्येकांची कातडी पूर्ण स्वच्छ होते. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ मध्ये या रोगासाठी इटोलिझुमॅब हे औषध आणले. परंतु अशी औषधे महाग पडतात आणि आपल्या देशात ती सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षय दबा धरून बसलेला नाही ना हे पाहावे लागते. भाचीच्या वकिलाने सांगू नये अशी आणखी एक गोष्ट मी सांगितली : या रुग्णांपैकी शंभरातील वीसेकांचे, काही पाहण्यांत तिसांचे, सांधे धरतात. सकाळी उठताना बोटे आखडू लागली तर ते वयावर घालवू नये, लवकर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली या रोगासंबंधी ठराव केला, त्यात त्याला वेदनादायक आणि असंसर्गजन्य ही दोन्ही विशेषणे लावली आहेत. लोकांना दुसरे पटत नाही आणि पहिले दिसत नाही.

"लपवायला नको होतं मग," ती बाई म्हणाली. कोणाला उद्देशून ते मला कळले नाही. तिघे निघाले. छत्र्या उघडताना गृहस्थांनी हात पुढे केला, क्षणभर थांबले आणि मग माझा हात हातात घेतला. मला वाटते, पत्नीने मागून खुणावले असावे.

तीन आठवडे निरोप नव्हता. मी भाचीला फोन केला. मनात धाकधूक होती की माझ्या व्याख्यानाने घडत आलेले बिघडले. ती हसू लागली. "फादरमामा, त्याला मी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. माझ्यासोबत दोनदा डॉक्टरांकडेही आला तो. काळजी घरच्यांना होती. तुम्ही म्हणे त्यांना दीड तास बसवून ठेवलंत! काय सांगत होता एवढं?"

लग्न यंदा फेब्रुवारीत झाले. तिचा पोशाख कोपरापर्यंत उघडा होता. शिंपिणीने बाह्या लांब ठेवू का म्हणून विचारले, तर हिने नको म्हटले.

बाह्यांवरून बहिणीने मला एक गोष्ट सांगितली, ती लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. आई २००९ साली गेली. तिची पेटी बहिणीने उघडली तेव्हा त्यात लांब बाह्यांची सहा पोलकी निघाली. माझ्या आठवणीत आई नेहमी मनगटापर्यंत झाकलेलीच असे, म्हणून मला त्यात नवल वाटले नव्हते. लग्नाच्या गडबडीत बहीण म्हणाली, "नाही रे. ती पोलकी आधी कोपराच्या वरपर्यंतच होती. तू सुटीत आला होतास ना, ओटीवर बोललास, त्याच आठवड्यात तिने शिंप्याकडून सगळ्यांना खाली तुकडे जोडून घेतले." तिने एक पोलके आणून दाखवले. कोपराच्या जरा वर आडवी शिवण होती आणि शिवणीखालचे कापड वेगळ्या रंगाचे, मिळेल ते. तेलाचा डाग आतल्या बाजूने अजून दिसत होता. माझ्या दीक्षेच्या दिवशी तिने माझे हात का धरले नाहीत, हे मी बहिणीला विचारले नाही.

२ नोव्हेंबरला दफनभूमीत सगळ्यांच्या कबरींवर प्रार्थना म्हणून झाल्यावर झगा काढून ठेवला आणि आईबाबांच्या कबरीवरचे शेवाळ घासायला बसलो. ऊन होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो.